टुक्याची टर्न

खारूताईनं झोका घेतला. झुईं झुईं, दहा झोके. मग ती उतरली.

"टुक्या, आता तुझी टर्न!"

टुक्या म्हणजे एवढुस्सा नाकतोडा. सकाळपासून वाट बघत होता बिचारा. निघाला टुण्ण टुण्ण. तेवढ्यात धप्प! बोकोबा झोक्यावर चढून बसला.

"बोकोबा, ऊठ. माझी टर्न आहे."

"टर्न? ती खातात का?"

"टर्न खात नाहीत, टर्न देतात!"

"मी नाही उठत, जा! भूभू पोत्यावरून उठला, तर मी उठेन."

बघा तर! आगाऊ कुठला! पण टुक्या रडला? छे!

टुण्ण टुण्ण टुण्ण. टुक्या गेला भूभूकडे.

"भूभू, भूभू, ऊठ!
बोकोबा उठेना,
माझी टर्न मला मिळेना!"

"टर्न? ती चावतात का?"

"टर्न चावत नाहीत, टर्न देतात!"

"मी नाही उठत, जा! शेळी सावलीतून उठली, तर मी उठेन."

टुण्ण टुण्ण टुण्ण. टुक्या गेला शेळीकडे. पाय दुखले, तरी गेला.

"शेळीताई, शेळीताई, ऊठ!
भूभू उठेना,
बोकोबा उठेना,
माझी टर्न मला मिळेना!"

"टर्न? ती चघळतात का?"

"टर्न चघळत नाहीत, टर्न देतात!"

"मी नाही उठत, जा! माळीमामा गवताच्या भाऱ्यावरून उठले, तर मी उठेन."

टुण्ण टुण्ण टुण्ण. टुक्या गेला माळीमामांकडे. थेट गुडघ्यावरच चढला.

"मामा, मामा, उठा!
शेळी उठेना,
भूभू उठेना,
बोकोबा उठेना,
माझी टर्न मला मिळेना!"

"अरे अरे! टर्न तर द्यायलाच हवी," मामा म्हणाले. "आमच्या नळावर असंच असतं. एकीची कळशी भरली, की दुसरीची टर्न. आणि मी बसलोय शेळीच्या जेवणावर!"

मामा उठले.
शेळी उठली, गवत खायला. चरचर चरचर!
भूभू उठला, सावलीत गेला. फतकल!
बोकोबा उठला, पोत्यावर लोळला. गुर्रर्र!

झोका रिकामा! टुक्यानं मारली उडी. मामांनी एका बोटानं झोका दिला.

झुईं! झुईं! पोटात गुदगुल्या! टुक्याला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला!

तेवढ्यात बोकोबा आला. चढला नाही हं! खाली उभा राहिला, शेपटी आवरून.

"टुक्या, तुझ्यानंतर माझी टर्न ना?"

"हो, तुझीच!" टुक्या वरून ओरडला. "पण आत्ता माझी!"

झुईंऽऽऽ!