सील न तोडलेले जहाज

खाडीकाठच्या एका गावात घैसास नावाचा एक निवृत्त कस्टम अधिकारी राहत होता. नोकरीत असताना त्याने बत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या पेट्या उघडल्या. स्वतःच्या घरातल्या पेट्या मात्र त्याने कधी उघडल्या नाहीत.

घरातल्या या पेट्या होत्या प्लास्टिकच्या जुन्या मॉडेल-किटच्या. आत जहाजांचे, विमानांचे, रणगाड्यांचे सुटे भाग असत. ते कापायचे, गोंदाने जोडायचे, रंगवायचे, की हातभर लांबीचे जहाज तयार. त्या बनवणारे कारखाने कधीच बंद पडले होते. घैसासकडे अशा एकशे चाळीस पेट्या होत्या, सगळ्या सीलबंद. दर रविवारी तो त्यांच्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसत असे आणि एखादी कानाशी धरून हलवत असे. आत भाग खुळखुळले की त्याचे समाधान होई.

"एवढी जहाजं अख्ख्या तालुक्यात कोणाकडे नाहीत," त्याची बायको कुमुद म्हणे, "आणि बुडायचीही भीती नाही. पाणीच लागत नाही त्यांना."

त्याच गावात दाऊद सारंग राहत होता. तो आणि घैसास शाळेत एका बाकावर बसलेले. दाऊदने बावीस वर्षे ‘सिंधुराणी’ नावाच्या मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत यंत्रांना तेल घालायचे काम केले. पुढे ते जहाज भंगारात गेले. बायको जुलेखाला दाखवायला दाऊदकडे त्याचा एक फोटोही नव्हता. इंजिनखोलीतल्या माणसाचा फोटो काढायला खाली उतरतो कोण?

म्हातारपणी दाऊदला काचबिंदू झाला. निदान उशिरा झाले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, "उरलेली नजर संक्रांतीपर्यंत टिकली तर नशीब. गेलेली परत येत नाही."

तेव्हा दसरा नुकताच झाला होता. डॉक्टरांकडून दाऊद थेट घैसासच्या घरी गेला. कारण त्या एकशे चाळीस पेट्यांत एक ‘सिंधुराणी’ची होती.

"घैसाशा, ही पेटी उघड. जोड. मला एकदा बघायचंय."

"वरचं चित्र बघ की."

दाऊदने पेटी डोळ्यांजवळ धरली. "चित्रात समुद्रच जास्त आहे. जुलेखा चाळीस वर्षं विचारतेय, तुम्ही त्या जहाजावर नेमके असायचात कुठं? नजर आहे तोवर तिला बोट ठेवून दाखवायचंय, इथं होतो मी म्हणून."

घैसासला वेळ होता. हात स्थिर होते. घरात हत्यारे होती. अडचण एकच होती. जानेवारीत जिल्ह्याच्या संग्राहक मंडळाचे प्रदर्शन होते आणि तिथे फक्त सीलबंद पेट्या घेत. ‘सिंधुराणी’ला पहिला क्रमांक मिळणार, असे मंडळाच्या अध्यक्षांनी आधीच खासगीत सांगून ठेवले होते.

"प्रदर्शन होऊ दे," घैसास म्हणाला. "मग लगेच उघडतो. शब्द देतो."

"माझ्या डोळ्यांना विचारून देतोयस ना शब्द?" दाऊद म्हणाला, आणि काठीने उंबरा चाचपत निघून गेला.

कुमुद दारातच उभी होती. "लोकांच्या पेट्या उघडताना कधी हात थरथरला नाही तुमचा. आता काय झालं?"

"त्या लोकांच्या होत्या," घैसास म्हणाला. हे उत्तर देताना त्याला जराही लाज वाटली नाही.

प्रदर्शन थाटात पार पडले. तीन परीक्षकांनी पेटी आळीपाळीने कानाशी हलवली आणि माना डोलावल्या. घैसासला शाल, श्रीफळ आणि ‘पन्नास वर्षे न उघडलेली पेटी’ असे प्रमाणपत्र मिळाले. एका माणसाने काही केले नाही म्हणून त्याचा सत्कार झाला, आणि भरल्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारे सगळे शिकलेले होते.

चौथ्या दिवशी घैसास गावी परतला आणि शाल खांद्यावर टाकूनच दाऊदकडे गेला. दाऊद ओट्यावर बसला होता. त्याने पावलांच्या आवाजाकडे तोंड वळवले.

"आलास? शाल कुठल्या रंगाची दिली रे?"

घैसास काय ते समजला. त्याच दिवशी त्याने पेटीचे सील तोडले.

आत गोंदाची नळी दगड झाली होती. जहाजाच्या दोन बाजू इतक्या वाकल्या होत्या की एकमेकींना भिडेनात. त्याने त्या गरम पाण्यात धरून सरळ केल्या. नवा गोंद आणला. तीन आठवडे खपून जहाज उभे केले. मंडळाला हे कळले आणि त्यांनी पत्र पाठवून प्रमाणपत्र परत मागितले. घैसासने ते उलट टपाली पाठवून दिले. तेवढे श्रेय त्याला द्यायला हवे. त्याहून जास्त नाही.

मग तो जहाज घेऊन दाऊदकडे गेला. दाऊदची बोटे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, नाळेपासून, डोलकाठीकडे, तिथून धुराड्याकडे गेली.

"ही शिडी उलटी लावलीस."

"काढून लावतो."

धुराड्याच्या मागे एका बारीक झाकणावर बोट थांबले. "जुलेखा, हे बघ. याच्या खाली. बावीस वर्षं."

जुलेखा वाकली. "एवढ्याशा झाकणाखाली?"

"एवढ्याशाच." मग त्याने घैसासला विचारले, "रंग?"

"खाली काळा, वर पिवळा पट्टा."

"असेल," दाऊद म्हणाला. "आणि नाव? मागच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत असायचं."

दाऊदला दिसत नव्हते. जुलेखाला वाचता येत नव्हते. खोटे बोलायला याहून सोपी जागा नव्हती.

"नाव नाही," घैसास म्हणाला. "अक्षरं कागदावर होती, पाण्यात भिजवून चिकटवायची. पाण्यात टाकताच त्यांचा भुगा झाला. फार वर्षं राहिली पेटीत."

"तीही वाट बघून दमली म्हणायची," दाऊद म्हणाला, आणि त्याने जहाज जुलेखाच्या हातात दिले.

तात्पर्य: कोणाच्याही कामी येऊ न देता जपलेली वस्तू पेटीतल्या पेटीत सडते; आणि गरजवंताला सांगितलेले ‘नंतर’ हा भित्र्या माणसाचा नकार असतो.