कोठारातले अर्ज

फार वर्षांपूर्वी एका संगणकाच्या मेमरीत मडक्यांची उतरंड होती. प्रत्येक मडक्यात वीस अक्षरं मावत. काम झालं की वरचं मडकं आपोआप उतरे.

एकदा एक तक्रारअर्ज आला. "किती अक्षरांचा आहेस?" वरच्या मडक्याने विचारलं.

"लिहिणाऱ्या बाई अजून थांबलेल्या नाहीत."

मडक्याने त्याला आत घेतलं, तर तो ओसंडून खालच्या मडक्यांत शिरू लागला.

"दे इकडे," शेजारचं कोठार दमल्या आवाजात म्हणालं. "तू नुसती त्याच्या इथल्या जागेच्या पत्त्याची चिठ्ठी ठेव. जाताना मात्र सांग, म्हणजे जागा मोकळी करीन."

काम झालं. मडकं चिठ्ठीसकट उतरलं, काही न सांगता. कोठारात असे कितीतरी अर्ज साचले.

मग नवा अर्ज दारात आला. "जागा नाही रे," कोठार म्हणालं.

"यांना न्यायला कोण येणार?"

"कोणी नाही. यांचे पत्ते चिठ्ठ्यांबरोबरच गेले. पण टाकून दे, असंही कोणी म्हणालं नाही."