फुटाण्याची गोधडी

एक होतं कुत्र्याचं पिल्लू. एवढंसं. भाजलेल्या फुटाण्यासारखं गोल आणि पिवळं. म्हणून त्याचं नाव फुटाणा.

फुटाणा चालायचा कसा? दुडूदुडू, दुडूदुडू.
शेपटी हलायची कशी? लुटूलुटू, लुटूलुटू.

फुटाण्याची एक गोधडी होती. रेवाच्या जुन्या फ्रॉकची आणि आजोबांच्या जुन्या धोतराची. आईने शिवलेली. फुटाणा रोज तिच्यावर तीन गिरक्या घ्यायचा. एक, दोन, तीन! मग धप्पकन झोपायचा.

पाऊस संपला. ऊन कडक पडलं. पहाटे मात्र गारठा! उद्या घट बसायचे होते. आणि घट बसायच्या आधी घरातलं सगळं धुवायचं असतं, बरं का. चादरी धुवायच्या, पडदे धुवायचे, गोधड्या धुवायच्या. एक चिंधीसुद्धा राहता कामा नये.

आईने सगळं धुतलं. आणि फुटाण्याची गोधडी? तीही धुतली! धप धप, धप धप.

काल रात्री फुटाणा पोत्यावर झोपला. झोपला कसला! पोतं टोचलं इकडे, पोतं टोचलं तिकडे. पायांना लागली थंडी. डोळ्याला डोळा नाही.

आज गोधड्या वाळल्या. आईने घड्या घातल्या. कपाटावर चळत रचली. सगळ्यात मोठी गोधडी खाली. तिच्यावर जरा लहान. तिच्यावर आणखी लहान. आणि सगळ्यात लहान गोधडी कुठे? सगळ्यात वर!

सगळ्यात वरची गोधडी कोणाची? फुटाण्याची!
आणि घरात सगळ्यात बुटका कोण? फुटाणाच!

झाली ना पंचाईत?

फुटाण्याने उडी मारली. टुण्! नाही पोचला.
पुन्हा उडी मारली. टुण्! छे, कुठलं काय!

आता परत पोतं? नको रे बाबा! फुटाणा म्हणाला, "माझी गोधडी मी मिळवणारच." आणि निघाला, दुडूदुडू, दुडूदुडू.

दारात बसली होती रेवा. फुटाणा म्हणाला,

"रेवा गं रेवा, गोधडी काढ.
गोधडी नाही, तर फुटाण्याला झोप येईना!"

रेवाची एक वेणी झाली होती, एक राहिली होती. मोकळे केस डोळ्यांवर आले होते. रेवा म्हणाली, "मला काही दिसतंय का? स्टुलावर चढले तर पडेन की! काकू अर्धी वेणी टाकून सारवायला गेली. आधी वेणी, मग गोधडी!"

फुटाणा रडला का? छे!
फुटाणा थांबला का? छट्!
शेपटी वर केली आणि निघाला, दुडूदुडू, दुडूदुडू.

काकू देवापुढची जमीन सारवून उठत होती. फुटाणा म्हणाला,

"काकू गं काकू, वेणी घाल.
वेणी नाही, तर रेवा गोधडी काढेना.
गोधडी नाही, तर फुटाण्याला झोप येईना!"

काकूने हात दाखवले. कोपरापर्यंत शेण! काकू म्हणाली, "अरे फुटाण्या, सारवायचं झालं माझं, पण या हातांनी वेणी घालू? रेवा घर डोक्यावर घेईल! घरातलं सगळं पाणी गेलं धुण्यात. हात धुवायला थेंब नाही. आधी पाणी, मग वेणी!"

फुटाणा रडला का? छे!
फुटाणा थांबला का? छट्!
शेपटी वर केली आणि निघाला, दुडूदुडू, दुडूदुडू.

आजोबा अंगणात आडाच्या कट्ट्यावर बसले होते. पाणी भरायची घागर बाजूला, दोर बाजूला. फुटाणा म्हणाला,

"आजोबा हो आजोबा, पाणी शेंदा.
पाणी नाही, तर काकू वेणी घालेना.
वेणी नाही, तर रेवा गोधडी काढेना.
गोधडी नाही, तर फुटाण्याला झोप येईना!"

आजोबा म्हणाले, "काय रे लबाडा! दोन दिवस पाणी शेंदतोय मी. या घरात गोधड्या आहेत की गोधड्यांचं दुकान? हात दुखले माझे. संध्याकाळ झाली, आणि चहाचा पत्ता नाही. चहाशिवाय आपला हात काही हलायचा नाही. आधी चहा, मग पाणी!"

फुटाणा रडला का? छे!
फुटाणा थांबला का? छट्!
शेपटी वर केली आणि निघाला, दुडूदुडू, दुडूदुडू.

आई स्वयंपाकघरात होती. फुटाणा म्हणाला,

"आई गं आई, चहा कर.
चहा नाही, तर आजोबा पाणी शेंदेनात.
पाणी नाही, तर काकू वेणी घालेना.
वेणी नाही, तर रेवा गोधडी काढेना.
गोधडी नाही, तर फुटाण्याला झोप येईना!"

आई म्हणाली, "फुटाण्या, पायात पायात येऊ नकोस! चहाचं आधण केव्हाच ठेवलंय. घरात होतं नव्हतं ते पाणी त्यातच ओतलं. पण दूध कुठाय? आजोबांना कोरा चहा दिला, तर फुरंगटून बसतील. तांबू गाय आज धार देईना. आधी दूध, मग चहा!"

फुटाणा रडला का? छे!
फुटाणा थांबला का? छट्!
शेपटी वर केली आणि निघाला, दुडूदुडू, दुडूदुडू.

गोठ्यात तांबू गाय उभी होती. केवढी मोठी तांबू! केवढासा फुटाणा! पण घाबरला का? मुळीच नाही. मान उंच केली. अजून उंच केली. आणि म्हणाला,

"तांबू गं तांबू, दूध दे.
दूध नाही, तर आई चहा करेना.
चहा नाही, तर आजोबा पाणी शेंदेनात.
पाणी नाही, तर काकू वेणी घालेना.
वेणी नाही, तर रेवा गोधडी काढेना.
गोधडी नाही, तर फुटाण्याला झोप येईना!"

तांबू हंबरली, "हम्माऽऽ! दूध देऊ कशी? माझा गोंड्या कुठाय? माझं वासरू गेलंय शेतात. केव्हाची हाक मारतेय. वासरू जवळ आल्याशिवाय मला पान्हा फुटत नाही. आधी गोंड्या, मग दूध!"

फुटाणा रडला का? छे!
फुटाणा थांबला का? छट्!
शेपटी वर केली आणि निघाला, दुडूदुडू, दुडूदुडू.

घर मागे राहिलं. बांध आला. बांधावर गवत हे एवढं! गवत दिसतंय, फुटाणा दिसत नाही. नुसतं शेपटीचं टोक चाललंय, लुटूलुटू, लुटूलुटू.

बांधापलीकडे गोंड्या एकटाच उड्या मारत होता. फुटाण्याने छाती भरून श्वास घेतला. आता म्हणायचं होतं केवढं! म्हणाल ना तुम्हीही? चला,

"गोंड्या रे गोंड्या, गोठ्यात चल.
गोंड्या नाही, तर तांबू दूध देईना.
दूध नाही, तर आई चहा करेना.
चहा नाही, तर आजोबा पाणी शेंदेनात.
पाणी नाही, तर काकू वेणी घालेना.
वेणी नाही, तर रेवा गोधडी काढेना.
गोधडी नाही, तर फुटाण्याला झोप येईना!"

गोंड्याने मान झटकली. "मी नाही येणार जा! गोठ्यात काय, नुसतं उभं राहायचं. मला पळायचंय. शर्यत लावायचीय. पण माझ्याशी कोणी शर्यतच लावत नाही. आधी शर्यत, मग गोठा!"

आता कोणाकडे जायचं?

फुटाण्याने पुढे पाहिलं. पुढे कोणी नाही.
फुटाण्याने मागे पाहिलं. मागे कोणी नाही.
मग फुटाण्याने खाली पाहिलं. खाली होते पाय. एक, दोन, तीन, चार!

"आहेत की!" फुटाणा म्हणाला. "मी लावतो शर्यत!"

गोंड्या हसला. "तू? अरे, तू तर वीतभर!"

"वीतभर तर वीतभर," फुटाणा म्हणाला. "पाय चार आहेत. तुझे किती?"

गोंड्याने मोजले. चारच निघाले! मग आला फुटाण्याशेजारी उभा राहायला.

"इथून गोठ्यापर्यंत," फुटाणा म्हणाला. "एक... दोन... तीन... पळ!"

फुटाणा पळाला दुडूदुडू, दुडूदुडू.
गोंड्या पळाला टपाटप, टपाटप.
गवत हललं सळसळ, सळसळ.
कोंबड्या उडाल्या फडफड, फडफड.
आणि दोघं गोठ्यात शिरले, धाड्!

कोण जिंकलं? फुटाणा म्हणतो मी, गोंड्या म्हणतो मी. आपण काही मध्ये पडू नये बाबा.

गोंड्याने तांबूला ढुशी दिली, ढुश् ढुश्.
तांबूने गोंड्याला चाटलं, लप लप.
गोंड्या दूध प्यायला, चुटुचुटु. पोट भरून प्यायला.
मग आईने धार काढली, चुर्र चुर्र.
दूध आलं, चहा उकळला, खदखद खदखद.
आजोबांनी बशीतून चहा प्यायला, फुर्र फुर्र. म्हणाले, "हां! आता कसं!"
आजोबांनी घागर आडात सोडली, डुबुक! पाणी शेंदलं.
पाणी आलं, काकूने हात धुतले, खळखळ खळखळ. म्हणाली, "चल गं रेवा, पटकन बस. दिवा लावायच्या वेळेला वेणी घालत नाहीत."
काकूने वेणी घातली. हा पेड तिकडे, तो पेड इकडे, आणि वर रिबिनीचं फूल!
वेणी झाली, रेवाला दिसलं लख्ख.
रेवा स्टुलावर चढली. हात वर केला. सगळ्यात वरची गोधडी ओढली.
धप्प! गोधडी पडली फुटाण्यापुढे.

"घे रे बाबा तुझी गोधडी," रेवा म्हणाली. "सगळं घर कामाला लावलंस!"

आजोबा बघायला आले. काकू आली. आई आली. गोंड्याने खिडकीतून तोंड आत घातलं.

फुटाण्याने गोधडी हुंगली. हुंग हुंग.
पुन्हा हुंगली. हुंग हुंग.
आणि फुटाणा मागे सरला. कान पाडले. शेपटी पाडली.

साबणाचा वास! उन्हाचा वास! फुटाण्याचा वास कुठाय? जराही नाही!

"ही माझी नाहीच," फुटाणा म्हणाला.

"अरे, तुझीच आहे!" रेवा म्हणाली. "हा बघ माझा फ्रॉक. हे बघ आजोबांचं धोतर."

फुटाण्याने एकदा डोळे मिटले. एकदा उघडले. मग गोधडीचं टोक धरलं दातात. घट्ट! आणि ओढत नेली अंगणात, फराफरा, फराफरा. अंगणातल्या मातीत गोधडी पसरली. आणि तिच्यावर लोळला! इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाठ घासली. पोट घासलं. नाक घासलं. शेवटी दोन्ही कान घासले.

"अगं बाई!" आई ओरडली. "आत्ता धुतलेली! उद्या घट बसायचे!"

"असू दे गं सूनबाई," आजोबा म्हणाले. ते हसून हसून खोकायला लागले होते. "घटाच्या आधी धुवायची होती ना? धुतली. तुझं काम झालं. आता त्याचं काम त्याला करू दे."

आईने कपाळाला हात लावला. पण तीही हसली. "धन्य आहेस रे फुटाण्या!"

फुटाणा उठला. गोधडी हुंगली. हुंग हुंग.

थोडा साबण. थोडं ऊन. आणि पुष्कळ पुष्कळ फुटाणा!

"हां," तो म्हणाला, "आता झाली माझी!"

रेवाने गोधडी उचलली. जास्तीची माती झटकली, फट् फट्. पडवीत कोपऱ्यात घातली. फुटाणा वर चढला. एक गिरकी. दोन गिरक्या. तीन गिरक्या. धप्प!

नाक शेपटीत. पाय पोटाशी. थंडी? कुठली थंडी!

फुटाणा शिरला गोधडीत,
गोष्ट ठेवली घडीत.