चिंच आणि तिची घंटा

फार वर्षांपूर्वी माळावरच्या एका शाळेत चिंचेच्या फांदीला घंटा टांगलेली होती. त्याच चिंचेखाली पोरं रोज खिचडी खायची. एका दुपारी ढग गडगडले, तशी घंटा खणखणली. बाईंनी शिकवलं होतं तसं पोरं ताटं तिथंच टाकून वर्गात पळाली.

चिंच भडकली. "माझ्याच फांदीला लटकतेस आणि माझीच पोरं हाकलतेस?"

घंटा म्हणाली, "ऊन असेल तेव्हा बसतील की तुझ्याखाली! पण माळावर सगळ्यांत उंच तूच आहेस. वीज तुलाच गाठणार."

तेवढ्यात वीज कोसळली. चिंचेचा बुंधा उभा चिरला. खालची ताटं काळीठिक्कर पडली.

चिंच जगली. पुढच्या खेपेला ढग नुसते गुरगुरले, तोच तिने फांदी गदागदा हलवली.

"वाजव गं लवकर! पोरं अजून माझ्याखालीच आहेत."