आगीआधीच विझवणारा श्रीपती

एका गावात एक भोळा गडी होता, श्रीपती नावाचा. नथूशेठच्या फरसाणाच्या दुकानात तो शेव तळायचा. शेव अशी कुरकुरीत की गिऱ्हाईक दारातच पुडा फोडी. डोक्याचं मात्र विचारू नका.

एकदा कढईतलं तेल पेटलं. श्रीपतीने पाण्याची बादली उचलली. शेठनी ती हिसकावली, गॅस बंद केला, कढईवर झाकण सरकवलं. आग गुदमरून विझली.

"पाणी पडतं तर भडका उडून दोघेही भाजलो असतो! पेटलं की झाकण. गार होईपर्यंत उघडायचं नाही. कळलं?"

"कळलं, शेठ."

दुसऱ्या दिवशी शेगडीशी वाकताना शेठच्या टोपीने पेट घेतला. श्रीपतीने धावत जाऊन शेठच्या डोक्यावर पातेलं पालथं घातलं.

"अरे काढ!" आतून आवाज घुमला.

"गार होऊ द्या, शेठ."

सुटल्यावर शेठ कडाडले, "कापड, कागद, लाकूड पेटलं तर पाणी ओतायचं, शहाण्या!"

सकाळी शेठनी गल्ल्यापुढे उदबत्ती लावली. श्रीपतीने बादली ओतली. गल्ल्यावरचा गणपती भिजला, शेठही भिजले.

"काडी लाकडाचीच की, शेठ."

"आता चुकलास तर कायमचा घरी!"

श्रीपती घाबरला. घरी बायको बाळंतीण. घरी बसून खायचं काय?

तेवढ्यात सरपंचांच्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर आली. शेठनी तेलाची आग विझवायचं खास नळकांडं आणलं. विकणाऱ्याने समजावलं, "पिन काढा, लांबून हळू फवारा. यातलं औषध तापल्या तेलावर पडलं की साबणासारखा फेस धरतो. तेलाला हवा मिळत नाही, तेल निवतं, आग पुन्हा उठत नाही."

शेठ म्हणाले, "श्रीपती, पेटल्यावर धावाधाव नको. काळजी आधीच घ्यायची." आणि बाजारात गेले.

संध्याकाळी परतले तर श्रीपती दारातच, छाती काढून उभा.

"शेठ, निर्धास्त राहा. आता एकही कढई पेटायची नाही."

शेठ आत डोकावले. कढई न् कढई पांढऱ्या फेसाने भरलेली. ते मटकन पोत्यावर बसले.

"अरे, लग्नाची शेव तरी तळून झालीय ना?"

"केव्हाच!"

"हुश्श. वाचलो."

बाहेर लग्नघरच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. श्रीपतीने ऐटीत टोपल्यांवरचं फडकं बाजूला केलं. आत फेसाळलेला, पिवळा लगदा.

"वाचणारच की, शेठ! शेवेतही तेल असतंच ना? तीसुद्धा विझवून ठेवलीय."