पत्रिकेतलं वरचं नाव

पत्रिका छापायच्या आधीच सोयरीक मोडायची वेळ आली. अमरावतीच्या दिगंबर खानझोड्यांनी लेकीच्या लग्नाची पत्रिका स्वतः संगणकावर जुळवली, मुलाकडच्यांचं नाव मानाने वर टाकलं आणि फाइल अकोल्याला व्याह्यांकडे पाठवली. दुसऱ्याच दिवशी व्याही उद्धवराव कळंबे लॅपटॉप बगलेत मारून दारात हजर!

"मुलाकडचे आम्ही, अन् आमचं नाव तुमच्या पायाशी?"

दिगंबररावांनी पाहिलं, तर खरंच खानझोडे वर, कळंबे खाली. धावत जाऊन आपल्या संगणकावर तीच फाइल उघडली, तर कळंबे वर! पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. फाइल एकच, मग नावं हलवतं कोण?

लेक ऋजुताने दोन्ही पडदे पाहिले. "बाबा, दोघांकडची सॉफ्टवेअरं वेगळी आहेत. एकात जुळवलेल्या चौकटी दुसऱ्यात सरकतात."

"ते राहू दे! आम्ही यातून काय समजायचं?" उद्धवराव कडाडले.

"चांगलंच समजा, काका. आमच्या संगणकाने तुम्हाला वर बसवलं, तुमच्याने आम्हाला. आमच्याकडची छापली, तर लोक म्हणतील खानझोड्यांनी मान दिला. तुमच्याकडची छापली, तर म्हणतील कळंब्यांचं मन मोठं. आता मोठं कोणी व्हायचं, ते तुम्हीच सांगा."

उद्धवरावांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्याकडचीच छापायची! मोठेपणात कळंबे कोणाला हार जात नाहीत."

व्याही खुशीत चहा पीत होते, पत्रिकेत खानझोडे वर होते, आणि भांडण नेमकं जिंकलं कोणी, हे दिगंबररावांना अजून कळत नव्हतं.