शिळामोडीची वेल

एका राज्यात, जिथे डोंगर आभाळाला पाठ टेकून बसत आणि ओढेसुद्धा उतरताना दम खात, तिथे शूरपाल नावाचा राजा राज्य करीत असे. राजा देखणा होता, पराक्रमी होता, मनाने वाईट नव्हता. खोड एकच. जे चांगले दिसेल ते त्याला राजवाड्यात हवे असे.

त्या राज्याची कीर्ती मात्र राजामुळे नव्हती. ती होती डोंगरातल्या औषधांमुळे. तिथल्या अडुळशाने शेजारच्या राज्यांचा खोकला जाई, तिथली सर्पगंधा पाहून नाग फणा खाली घेत. देशोदेशीची माणसे डोलीत बसून येत आणि आपल्या पायांनी परत जात. हे मी छाती फुगवून सांगतो, आणि का सांगू नये? असा डोंगर दुसरा नव्हता.

औषध काढायची तिथे एक रीत होती. आदल्या सांजेला झाडापाशी जायचे, हळदीचे तांदूळ वाहायचे, दुखणेकऱ्याचे नाव सांगून झाडाला आमंत्रण द्यायचे आणि सकाळी न्यायला जायचे. पहिले दिसेल ते झाड सोडायचे. ती आई. न्यायची ती तिच्यामागची लेकरे.

एके दिवशी शूरपाल म्हणाला, "ही सगळी औषधे माझ्या बागेत हवीत."

हुकूम सुटला. शिपायांनी पहारी घेऊन उतारच्या उतार खणून काढले आणि झाडे चांदीच्या कुंड्यांत लावली. ना तांदूळ, ना आमंत्रण, ना आई सोडली. शिळामोडीची वेल तर डोंगरात औषधालाही उरली नाही, असे सगळे म्हणू लागले.

तेव्हा शिखरावरची जोगीण वाघावर बसून दरबारात आली. डोंगर राखणारी मोठी जादूगारीण ती. ती म्हणाली, "राजा, तू माझ्या डोंगराचे पाय उपटलेस. तुझ्या लेकीचे पाय दगडाचे होतील. दगड रोज वर चढेल आणि काळजाला पोचला की ती संपली."

एवढे बोलून ती वाघासकट धूर झाली. बागेत उभी असलेली राजकन्या चंद्रावळ तिथेच खिळली. तिची पावले काळा कातळ झाली होती.

राजवैद्य शहाणा होता. तो म्हणाला, "महाराज, दगड फोडणारी वेल शिळामोडी. पण बागेतल्या वेलींत आता गुण राहिला नाही. धुरपाईला बोलवा."

धुरपाई डोंगरातली औषधवाली, बापजाद्यांपासूनची. ती आली, चंद्रावळीचे गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाली, "वेल जिती असंल तर सोडवते पोरीला. पर रीत मोडायची न्हाई, आधीच सांगते."

"जे करायचे ते लवकर कर, बाई," राजा म्हणाला.

धुरपाईने कुंभारकावळ्याला गाठले. तांबड्या पंखांचा हा पक्षी डोंगरातली मुळीन् मुळी ओळखतो आणि मनात आले तर बोलतो.

"शिळामोडी कुठं उरली, बाबा?"

"एकच उरली. वाटेत धुक्याचा नाग आहे, मग शापाचे सोने, मग वेल. तिन्ही पार करावी लागतील."

"वेल कशी पार करायची?"

"गेलीस की कळेल," म्हणून पक्षी उडाला. पक्ष्यांना पुरते सांगायची सवय नसते.

खिंडीत धुक्याचा नाग वेटोळे घालून पडला होता. आजवर जो आला तो तलवार उपसून आला. धुरपाईने त्याच्याकडे नीट पाहिले. "डोळा आलाय तुला. हिकडं कर," ती म्हणाली आणि गार पाण्याने तिने तो धुतला. नागाने तिच्या मांडीवर डोके ठेवले आणि मग वाट दिली.

पुढे गुहेत सोन्याचे ढीग होते. हात लावेल तो तिथेच चिकटे. सोने म्हणाले, "घे मला."

"दुखणं बरं करतंस का?" धुरपाईने विचारले. सोन्याला तो गुण नव्हता. ती पुढे गेली.

कड्याच्या कपारीत शिळामोडी हिरवीगार डुलत होती. धुरपाईने हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. ही पहिली वेल. ही आई. तिने कपारन् कपार शोधली, दुसरी नव्हती. नेली तर डोंगरातून शिळामोडीचा वंश संपणार, आणि रीत मोडून नेलेल्या वेलीला गुण तरी कुठला? नाही नेली तर पोर जाणार. धुरपाई कपारीशी बसून रडली. एवढ्या हुशार बाईला काही सुचेना.

मग तिने डोळे पुसले, वेलीला हळदीचे तांदूळ वाहिले आणि म्हणाली, "आई, तू जागची हलू नको. चंद्रावळ तिचं नाव. तिलाच तुझ्या दारी आणते."

ती परतली तेव्हा दगड कमरेला आला होता. सारे ऐकून राजा म्हणाला, "पालखी आणा."

"त्या वाटंनं पालखी जात न्हाई," धुरपाई म्हणाली. "हुकूम तुझा व्हता, ओझं बी तूच वाहायचं."

राजाने मुकुट उतरवला, जोडे काढले आणि शेल्याने लेक पाठीशी बांधली. कातळाचे वजन ते! पण शूरपाल चढला. नागाने वाट दिली. सोने ओरडले, "राजा, घे मला." राजाने मान वळवली नाही. कपारीशी पोचला तेव्हा चंद्रावळीला श्वास जड झाला होता. सवयीने त्याचा हात वेलीकडे गेला.

"मागायचं," धुरपाई म्हणाली.

शूरपालने जन्मात कुणाकडे काही मागितले नव्हते. त्याने गुडघे टेकले. "आई, ही माझी लेक. हे दुखणे माझ्यामुळे आले. हिला वाचव."

वेल वाकली. पानावरचा एक थेंब चंद्रावळीच्या पावलांवर पडला. कातळ वाळल्या चिखलासारखा सुटून पडला आणि पोरगी उभी राहिली. कड्यावर जोगीण हसली आणि वाघ वळवून निघून गेली.

त्याच दिवशी कुंड्या रिकाम्या झाल्या. एकेक झाड ज्याच्या त्याच्या उतारावर परत गेले, पहिली टोपली राजाच्या डोक्यावर. झाडांचा गुण परत आला.

मग दरबार भरला. राजा आसनावरून उठून म्हणाला, "धुरपाई, तुम्ही राजवाड्यातच राहा. मानाची जागा देतो."

धुरपाईने पदर सावरला. "मला हितं लावू नगंस, राजा. मी जगायची न्हाई."

राजा खाली उतरला आणि अनवाणीच तिला डोंगरापर्यंत पोचवायला निघाला. त्या दोघांच्या पुढे चंद्रावळ धावत होती.